कित्ता गिरवण्याची लाज

आपल्या भाषेत 'नक्कल' या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल हवी असली, तर अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, चार खेपा घालाव्या लागतात; आणि शिक्क्यानिशी ती एकदा हाती पडली की माणूस ती ट्रंकेच्या तळाशी देवासारखी जपून ठेवतो. तीच नक्कल चित्रकाराने केली, की मात्र जाणत्यांची तोंडे वाकडी होतात. 'अहो, ही तर नक्कल!' एवढे म्हटले म्हणजे निकाल लागला. पुढे चित्राकडे पाहण्याचीही गरज उरत नाही. तिची इंग्रजी बहीण 'कॉपी' हिची तर आमच्या शाळामास्तरांच्या जगात याहून वाईट अवस्था आहे. ती परीक्षेच्या दिवशी मुलांच्या बाहीत दडते आणि भरारी पथकाच्या हाती सापडते.

या दोघींच्या बदनामीत आपला एक जुना, घरंदाज शब्द बिचारा अंग चोरून उभा आहे. तो शब्द म्हणजे 'कित्ता'. गुरुजींनी वळणदार अक्षरात एक ओळ घालून द्यावी आणि मुलाने तीच ओळ खाली पन्नास वेळा गिरवावी, अशी आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या गिरवण्याने कोणाची प्रतिभा मेल्याचे ऐकिवात नाही. उलट गंमत अशी, की एकाच कित्त्यावरून गिरवणाऱ्या चाळीस मुलांची अक्षरे मोठेपणी चाळीस तऱ्हेची होतात, आणि बँकेतला कारकून प्रत्येकाची सही वेगळी ओळखतो. कित्त्याने माणसाचे वळण पुसले जात असते, तर हे कसे घडले असते?

म्हणून माझा दावा सरळ मांडतो. तैलरंगात माणसाचा चेहरा रंगवायला शिकायचे असेल, तर एखाद्या थोर जुन्या चित्रकाराच्या चित्राची प्रामाणिक नक्कल करणे यासारखा उत्तम मार्ग नाही. आणि ज्याने कलाशाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही, त्याला तर बहुधा दुसरा मार्गच नाही. हा उंबरठा मीही ओलांडलेला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी आणि रात्री कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. चाळिशी उलटल्यावर तैलरंगांच्या नादी लागलो, तेव्हा आमच्या गावात शिकवणारे कोणी नव्हते. तेव्हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक मास्तर गाठला.

त्याचे नाव योहानेस व्हर्मीर. त्याने १६६५ च्या सुमारास रंगवलेली ती मोत्याचे डूल घातलेली मुलगी नेदरलंड्समधल्या हेग शहरी, माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. चित्र मोठे नाही, ४४.५ सेंटिमीटर उंच आणि ३९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या तसबिरीएवढे. मूळ चित्र मी पाहिलेले नाही आणि पाहीन असे चिन्हही दिसत नाही. पण संग्रहालयाने त्याचे मोठे, स्वच्छ छायाचित्र साऱ्या जगाला खुले ठेवले आहे. ते छापून घेतले, भिंतीला टाचले, आणि शेजारी त्याच मापाचा कॅनव्हास ठेवला.

नक्कल म्हणजे डोळे मिटून रेघेवर रेघ ओढणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा उद्योग एकदा करून पाहावा. नाकाचेच उदाहरण घ्या. आपल्या मनातल्या नाकाला दोन्ही बाजूंनी रेषा असतात. त्या मुलीच्या नाकाचा दांडा कोठे संपतो आणि पलीकडचा गाल कोठे सुरू होतो, हे सांगणारी रेषा व्हर्मीरने काढलेलीच नाही. दोन्हींवर उजेड सारखा पडला आहे, म्हणून दोन्हींचा रंग एकमेकांत मिसळला आहे. आणि तरीही नाक स्पष्ट दिसते, कारण अलीकडची छाया ते उभे करते. हे चित्र वह्यांच्या वेष्टनांवर आणि कॅलेंडरांवर आपण सगळेच पाहतो. पण नुसते पाहणाऱ्याला ही रेषा नसल्याचे कळत नाही. ज्याचा हात कुंचल्यावर रंग घेऊन त्या जागी पोचतो आणि रेषा शोधू लागतो, त्यालाच ते कळते.

तीच गोष्ट त्या जगप्रसिद्ध मोत्याची. वरच्या अंगाला घट्ट पांढऱ्या रंगाचा एक ठसठशीत ठिपका, खालच्या अंगाला पांढऱ्या गळपट्टीचे मंद प्रतिबिंब, आणि मध्ये जवळजवळ काही नाही. त्याला बाह्यरेषा नाही. कानात अडकवायला कडीसुद्धा नाही. २०१८ साली संग्रहालयाच्या संशोधकांनी हे चित्र निरनिराळ्या यंत्रांखाली तपासले, तेव्हा त्यांनाही कडी सापडली नाही. मात्र दुसरे पुष्कळ सापडले. आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती. काळ्या थरावर दिलेला नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंग यांचा पारदर्शक लेप काळाच्या ओघात बिघडून गेला. डोळ्यांना पापण्यांचे बारीक केस होते. फेट्याची निळाई अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची निघाली. आणि वरच्या रंगांखाली तपकिरी व काळ्या रंगांत मांडलेला छायाप्रकाशाचा आराखडा मिळाला.

हा आराखडा म्हणजे तैलरंगातल्या चेहऱ्याचे बीजगणित. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा ठेवावा लागतो. उलटे केल्यास वरचा थर आधी सुकतो, खालचा मागाहून आकसतो आणि चेहऱ्याला भेगा पडतात. आधी तपकिरीत उजेड आणि अंधार यांचा हिशेब मिटवायचा, तो वाळू द्यायचा, मग कातडीचे रंग चढवायचे आणि शेवटी पातळ लेपांनी गालाची ऊब आणायची. पुस्तकात हा सारा मजकूर अर्ध्या पानात मावतो. पण त्या अर्ध्या पानाचा अर्थ मला त्या मुलीच्या हनुवटीखालच्या सावलीपाशी तीन आठवडे बसल्यावर कळला.

आता मौलिकतेच्या कैवाऱ्यांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप असा, की नकलेने स्वतंत्र दृष्टी मरते. ती कोणाची मेली, हे त्यांनी सांगावे. रूबेन्स १६२८ साली राजकीय वाटाघाटींसाठी माद्रिदला गेला, तेव्हा तो ५१ वर्षांचा आणि युरोपभर गाजलेला चित्रकार होता. तेथे स्पेनच्या राजाच्या संग्रहातली तिशियनची चित्रे दिसताच हा गृहस्थ नवशिक्या पोराप्रमाणे त्यांच्या नकला करायला बसला. तिशियनचे 'आदम आणि ईव्ह' आणि त्यावरून रूबेन्सने केलेले चित्र ही दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सने आदमच्या बसण्याची ढब बदलली आणि झाडावर एक पोपट आणून बसवला. एक्कावन्नाव्या वर्षी कित्ता गिरवण्याची त्याला लाज वाटली नाही. मग आपल्या बाराव्या वर्षाच्या पोरांना ती का शिकवायची?

दुसरा दाखला रेम्ब्रांटचा. राफाएलने १५१४-१५ च्या सुमारास काढलेले काउंट कास्तिल्योनेचे व्यक्तिचित्र १६३९ साली अ‍ॅमस्टरडॅमला लिलावात आले. घ्यायला रेम्ब्रांटच्या खिशात एवढे पैसे कोठले! त्याने जागच्या जागी त्याचे झटपट रेखाटन केले आणि शेजारी विक्रीची किंमतही टिपून ठेवली: ३५०० गिल्डर. त्याच वर्षी त्याने कोरीव ठशात आणि पुढल्या वर्षी, १६४० साली, तैलरंगात स्वतःचे चित्र केले, त्यात त्या कास्तिल्योनेची बैठक स्पष्ट ओळखू येते. राफाएलच्या याच चित्राची नक्कल रूबेन्सनेही केली होती. एका चित्रापुढे दोन थोर विद्यार्थी बसले. त्यांतला एकही दुसरा राफाएल झाला नाही. एक रूबेन्सच राहिला आणि दुसरा रेम्ब्रांटच.

आणि ज्याच्याइतका स्वतंत्र चित्रकार शोधून सापडणार नाही असे आपण मानतो, तो व्हॅन गॉग? १८८९-९० मध्ये सँ-रेमीच्या इस्पितळात असताना त्याने मिलेच्या कितीतरी चित्रांच्या तैलरंगी आवृत्त्या केल्या, त्याही काळ्या-पांढऱ्या छापील प्रतींवरून. दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात या कामाची तुलना केली आहे. ही तुलना आपल्याला परकी वाटू नये. भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तिघांची तालीम घेतली. गुरूच्या गळ्यातली जागा जशीच्या तशी आपल्या गळ्यात उतरेपर्यंत शिष्याने घोटायची, याला आपण साधना म्हणतो. गाण्याच्या दिवाणखान्यात जी साधना, ती चित्राच्या खोलीत शिरताच चोरी कशी होते?

दुसरा आक्षेप देशाभिमानाचा आहे. 'हे परदेशी गुरू कशाला? आपल्या मातीतून उगवू द्या.' फार चांगले. पण आपल्या मातीतही कित्ताच होता. राजपूत आणि मोगल चित्रशाळांत खाके असत. बारीक भोके पाडलेल्या त्या आराखड्यांवर कोळशाची पूड दाबून आकृती उतरवली जाई आणि बापाचा खाका मुलाकडे येई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत होते; पेस्तनजी बोमनजी त्याच कामात तयार झाले. त्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनला आगीत जळाल्या. पण हात तयार झाले ते झालेच. यानंतर पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणाविरुद्ध बंड करून बंगालचा नवा संप्रदाय निघाला. त्यातले नंदलाल बोस आणि असितकुमार हळदार बंडाच्या ऐन उमेदीत कोठे गेले? १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत अजिंठ्याच्या लेण्यांत, नकला करायला! बंडखोरालाही कित्ता लागतो. तो फक्त वेगळा कित्ता निवडतो.

येथे मुद्द्याचे सांगायचे ते सांगून टाकतो. नक्कल करावी की करू नये, हा प्रश्नच खोटा आहे. नक्कल प्रत्येक जण करतो. प्रश्न एवढाच, की कोणाची.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात मुलांची एक चित्रस्पर्धा झाली. आमच्या शाळेतला सातवीतला एक मुलगा, गवंड्याचा पोर, तिच्यात उतरला. कोठल्याशा जुन्या अंकातले एक पान त्याने मिळवले होते. त्यावर सावळाराम हळदणकरांचे, हातातल्या दिव्यावर पंजा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र होते. त्यावरून त्याने महिनाभर खपून चित्र केले आणि खाली स्वच्छ अक्षरात 'हळदणकरांच्या चित्रावरून' असे लिहिले. दिव्याचा उजेड बोटांतून आरपार येतो तेव्हा बोटांच्या कडा तांबड्या होतात, हे त्याला त्या पानावर दिसले. खरे का खोटे, म्हणून त्याने रात्री घरी दिव्यापुढे स्वतःचा पंजा धरून पाहिले. माझ्या मते कलाशिक्षण म्हणतात ते हेच.

परीक्षकांनी चित्र बाजूला ठेवले. कारण दिले: 'स्वतःची कल्पना नाही.' पहिले बक्षीस ज्या चित्राला मिळाले त्यात दोन डोंगर होते, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य होता, खाली कौलारू झोपडी, नारळाचे एक झाड, एक नदी आणि आकाशात चार आकड्यासारखे पक्षी होते. दुसऱ्या बक्षिसाच्या चित्रातही तेच डोंगर आणि तोच सूर्य होता. नदी तेवढी उजवीकडून वाहत होती. वाचकहो, आपल्यापैकी ज्याने लहानपणी हे चित्र काढले नसेल त्याने हात वर करावा! नारळाचे झाड कधी न पाहिलेली माणदेशातली मुलेही ते काढतात. हीच ती स्वतःची कल्पना. ती मुलांनी एकमेकांच्या वहीतून घेतलेली असते, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याच्या वहीतून घेतलेली असते, आणि तिच्याखाली 'अमक्याच्या चित्रावरून' असे कोणी लिहीत नाही, म्हणून ती मौलिक ठरते. जो हळदणकरांचा कित्ता घेत नाही, तो बाजाराचा घेतो. कित्त्यावाचून कोणीच राहत नाही.

त्या मुलाने पुढच्या आठवड्यात माझ्याकडून नेलेला कुंचला स्वच्छ धुऊन परत आणून दिला. 'सर, मला कल्पना सुचत नाहीत,' एवढेच म्हणाला. मौलिकतेचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींनी या वाक्याचा जमाखर्च कोणत्या खात्यावर मांडायचा ते ठरवावे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: नकलेतून बनावटगिरी जन्मते. या आक्षेपाला व्हर्मीरच्याच नावावर एक झकास उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराने व्हर्मीरच्या नावाने खोटी चित्रे विकली. एमाउस गावच्या भोजनाचे त्याने रंगवलेले चित्र १९३७ साली एका नामांकित तज्ज्ञाने अस्सल ठरवले आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेले. दुसरे एक हिटलरचा उजवा हात गोअरिंग याच्याकडे पोचले. त्यापायी १९४५ साली पकडला गेल्यावर त्याने आपला उद्योग कबूल केला. आता ध्यानात घ्या, या महाभागाने व्हर्मीरच्या एकाही चित्राची नक्कल करून विकली नव्हती. ती सारी नवी चित्रे होती, त्याच्या स्वतःच्या कल्पनेतली! खोटी होती ती फक्त सही. उलट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडे पाहा. १७९३ साली ते उघडले तेव्हा दहा दिवसांच्या आठवड्यात सामान्य लोकांसाठी तीनच दिवस होते. कलावंतांचा हक्क आधी. आजही तेथे परवाना घेऊन नक्कल करता येते. मात्र ती मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. बनावटगिरी कशी रोखायची हे त्यांनी ठरवले आहे. त्यासाठी शिकणाऱ्याचे हात बांधावे लागले नाहीत. चोरी सहीत असते, गिरवण्यात नसते.

अलीकडे चौथा आक्षेप ऐकू येतो. हवे ते चित्र, हव्या त्या चित्रकाराच्या शैलीत, यंत्र क्षणात काढून देते. मग माणसाने महिने का घालवावेत? हा प्रश्न विचारणाऱ्याला नकलेचे फळ कॅनव्हासवर मिळते असे वाटते. ते तेथे मिळत नाही. माझी ती व्हर्मीरची मुलगी कपाटामागे तोंड करून उभी आहे. तिला कोणी विकत घेणार नाही आणि मीही विकणार नाही. तिच्यापासून मिळायचे ते डोळ्यांना मिळाले. यंत्राने माझ्याऐवजी चालून यावे आणि पाय मात्र माझे बळकट व्हावेत, असे होत नसते.

नकलेची मर्यादा मला ठाऊक आहे. जो जन्मभर कित्ताच गिरवतो, त्याला शेवटी पत्र लिहिता येत नाही. व्हर्मीर बाजूला ठेवल्यावर मी आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे चित्र करायला घेतले. त्या मुलीच्या गालाचा रंग या गालाला चालत नाही, हे सांगायला कोणी पंडित नको. सावळ्या कातडीवर उजेडाची चमक अधिक टोकदार आणि थंड उठते. दाराकडच्या कपाळावर आभाळाची निळी झाक येते, आणि शेगडीकडचा गाल तांबूस होतो. व्हर्मीरने मला यातले एकही उत्तर दिलेले नव्हते. त्याने प्रश्न दिला होता: येथे रेषा खरोखर आहे, की तुझ्या मनात आहे? तो प्रश्न हेगच्या मुलीला लागू पडतो तसा आमच्या बाईंनाही लागू पडतो. चित्र पुरे झाल्यावर त्या पदराला हात पुसत बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या आईसारखं दिसतंय की हे." त्यांच्या आईला मी कधी पाहिलेले नाही, आणि तिचा एक फोटोही नाही. आपल्या गावांत असे हजारो चेहरे कोणी न रंगवता निघून जात आहेत. ते रंगवणारे हात तयार करायचे, तर त्या हातांना आधी गिरवायला काहीतरी दिले पाहिजे.

म्हणून चित्रकलेचे शिक्षक आणि स्पर्धांचे परीक्षक यांच्यापुढे माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. प्रत्येक शाळेत एका थोर चित्राची एक चांगली, मोठी छापील प्रत लावा. ती हळदणकरांची असो, अजिंठ्याची असो, की व्हर्मीरची. मुलांना ती गिरवू द्या, आणि खाली कोणाच्या चित्रावरून ते लिहायला शिकवा. ऋण मान्य करण्याची सवय चित्राबाहेरही उपयोगी पडते. स्पर्धेत अशा चित्रांचा वेगळा विभाग ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेली युरोपीय चित्रे आहेत; बडोद्याला सयाजीराव महाराजांनी उभारलेले चित्रदालन १९२१ पासून लोकांसाठी खुले आहे. अशा दालनांनी आठवड्यातली एक सकाळ शिकणाऱ्यांच्या ईझलांसाठी राखावी आणि पोरांना रंग सांडल्याबद्दल रागावू नये.

आणि हे जमत नसेल, तर निदान एवढे करा. पुढच्या खेपेला दोन डोंगरांमधून सूर्य उगवताना दिसला, की त्या मुलालाही विचारा: 'बाळ, हे कोणाच्या चित्रावरून?'